वाचक विचारतात : ओलेसुंडला एक दिवस

प्रश्न : जुलैमध्ये नॉर्वेची क्रूझ ठरली आहे. ओलेसुंडला बोट सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार. सोबत सत्तरीतले आई-बाबा आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आई अंडंही खात नाही. बोटीवरची बस-सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ओलेसुंडपुरती तरी सहल घेऊ नका. बोट गावातच लागते आणि बघण्यासारखं बरंचसं पायी होतं.

सकाळी उतरल्यावर आधी आकाश बघा. अक्स्ला डोंगर मोकळा दिसत असेल तर तो लगेच उरका; ढग उतरले की वर धुक्याखेरीज काही दिसत नाही. शहरातल्या बागेपासून वरच्या फ्येलस्तुआ या ठिकाणापर्यंत ४१८ पायऱ्या आहेत, म्हणजे जवळजवळ चार पर्वत्या. बाबांनी त्या टाळाव्यात, टॅक्सी थेट वर जाते. चढायचीच हौस असेल तर चढताना पायऱ्या आणि उतरताना गाडी, असं करा. दुखऱ्या गुडघ्यांवर जास्त ताण उतरतानाच येतो आणि ओल्या पायरीवर पाय घसरतो तोही बहुधा उतरताना. बंदरात दोन-तीन बोटी असल्या तर दहाच्या सुमारास पायऱ्यांवर रांग लागते, तेव्हा साडेआठलाच निघा.

खाली आल्यावर ब्रुसुंदे या खाडीच्या कडेने चाला. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात इथे आग लागली. सुमारे ८५० घरं जळाली, दहा हजार माणसं उघड्यावर आली, आणि तरी मृत्यू एकच झाला. पुढे गावाच्या मध्यभागी लाकडी घरांना बंदी आली आणि तीनेक वर्षांत दगड-विटांचं नवं गाव उभं राहिलं. त्या काळी युरोपात आर्ट नूव्हो या नक्षीदार बांधकामशैलीची चलती होती, म्हणून सगळं गाव एकाच वळणाचं दिसतं. दुकानांच्या काचांत अडकू नका, मान वर करा : टोकदार मनोरे, दरवाजांवर कोरलेली पानं-फुलं, मधेच एखादा चेहरा. आपोतेकरगाता रस्त्यावरच्या जुन्या औषधांच्या दुकानात आता या शैलीचं संग्रहालय आहे. तिथली लाकडी कपाटं आणि खण जसेच्या तसे आहेत. पाऊस आला तर तासभर इथेच काढा.

जेवायला सरळ बोटीवर परत जा. गाव मासळीचं आहे. भाज्यांच्या सूपलाही माशाचं पाणी असू शकतं आणि वॅफलमध्ये अंडं असतं. बाहेरच खायचं झालं तर पाटीवर ‘वेगेतार’ (शाकाहारी) शब्द शोधा आणि अंड्याचं तरीही विचारा. पुण्याहून बाकरवडी, चिवडा न्या, पण पेढे नकोत : युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

छत्री वाऱ्यात उलटी होते. टोपीचं रेनजॅकेट, आत एक स्वेटर आणि घट्ट पकडीचे बूट हवेत. जुलैतही पारा बहुधा १२ ते १६ अंशांतच असतो.

परतीची वेळ म्हणजे बोट सुटण्याची वेळ नव्हे. त्याआधी साधारण अर्धा ते एक तास सर्वांनी चढलेलं असावं लागतं. बोट आपल्या सहलीच्या बससाठी थांबते, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी नाही. बोटीच्या रोजच्या कार्यक्रम-पत्रकावर कंपनीच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर असतो; बोट चुकलीच तर म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टची प्रतही जवळ असू द्या.

प्रश्न : आमची बोट इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनहून सुटते. शेंगेन व्हिसा पुरेल का? आणि युरो न्यावेत का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही, दोन्हींना. बोटीत चढायला आणि परत उतरायला ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे; त्यामुळे शेंगेन व्हिसाही हवाच. चलन नॉर्वेजियन क्रोन आहे, पण कॉफीपासून टॅक्सीपर्यंत सगळं कार्डावर चालतं. रोख बदलून घेण्याच्या फंदात पडू नका. कार्डावरचे परदेशी व्यवहार मात्र निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या.