दापोलीच्या गाळ्यात आठ लाख घालू का?

प्रश्न : दापोलीहून कर्दे-मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिरांच्या जागेत माझा बेकरीचा स्टॉल आहे. फणसाचा टार्ट, आंब्याची डॅनिश (पापुद्र्यांची पेस्ट्री), करवंदाच्या जॅमचं पफ, ओल्या काजूची उसळ भरलेलं पॅटिस असं ज्या त्या मोसमातलं करून विकते. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात तर रोजच दुपारी एकपर्यंत माल संपतो. आता दापोलीत बसस्थानकाजवळ एक गाळा भाड्याने मिळतोय. अनामत, फर्निचर, मोठा डेक ओव्हन, मिक्सर आणि खेळतं भांडवल धरून आठ लाख लागतील. पाच लाख बँक देईल. उरलेल्या तीन लाखांसाठी मुलीच्या नावे ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. ती यंदा अकरावीला आहे. मिस्टर शाळेत नोकरीला आहेत, घरखर्च त्यांच्या पगारात भागतो. गाळ्याच्या मालकांना दसऱ्याआधी उत्तर हवंय. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. तुम्ही पत्रासोबत महिनावार विक्रीची वही पाठवलीत, त्यामुळेच मला नीट उत्तर देता येतंय. पदार्थ चांगला आणि हिशेब चोख, हे दोन्ही एका ठिकाणी असणं ही मोठी जमेची बाजू आहे.

माझं मत स्पष्ट आहे : गाळा आत्ता घेऊ नका आणि मुलीची ठेव मोडू नका. धंदा मात्र वाढवा. त्यासाठी कर्जही काढा, पण कमी, आणि ते गाळ्यात किंवा डेक ओव्हनमध्ये न घालता थंडाव्यात घाला. म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो.

तुमची वर्षाची विक्री ७,२०,००० रुपये. त्यातले १,६०,००० एकट्या मे महिन्याचे, १,०५,००० डिसेंबरचे, ८०,००० एप्रिलचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून फक्त ८०,०००, आणि जुलैत तर जेमतेम १०,०००. मैदा, बटर, साखर, फळं, गॅस, वीज, खोकी या सगळ्यात शंभरातले पंचावन्न जातात असं तुमची वही सांगते. उरलेले ३,२४,०००. मदतनीस मुलीचे महिना ७,००० म्हणजे वर्षाला ८४,००० वजा केले की तुमच्या हाती २,४०,००० राहतात. त्यात तुमची स्वतःची मेहनतही आली. दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या स्टॉलसाठी हे उत्पन्न मी चांगलं म्हणेन.

आता गाळा. भाडं १४,०००. पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,८७०. गाळ्यात बसायला आणखी एक माणूस, १०,०००. वाढीव वीज ४,००० धरा. म्हणजे महिन्याला जवळपास ३९,००० रुपयांचा असा खर्च, जो एकही पफ विकलं नाही तरी द्यावाच लागणार. शंभराच्या विक्रीमागे तुमच्याकडे पंचेचाळीस उरतात. त्या हिशेबाने नुसता हा खर्च निघायला दर महिन्याला साधारण ८६,७०० रुपयांची जादा विक्री हवी, आजच्या विक्रीच्या वर. तुमच्या वहीत अख्ख्या वर्षात एवढी विक्री झालेले महिने दोनच आहेत, मे आणि डिसेंबर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाळ्याचे १,५६,००० जातील, आणि आजच्या विक्रीतून त्या काळात सुटतात ३६,०००. वरचे १,२०,००० कुठून येणार? मिस्टरांच्या पगारातून. तुमच्या घराची जी बाजू आज भक्कम आहे, तिलाच ओढ बसेल.

शिवाय बसस्थानकाजवळचं गिऱ्हाईक वेगळं. तिथे एसटीची वाट बघणारा माणूस खारी, टोस्ट, वडापाव घेतो, आणि ते देणारी दुकानं तिथे आहेतच. कृषी विद्यापीठामुळे शहरात विद्यार्थी आहेत, पण साठ रुपयांचा टार्ट ते रोज घेणार नाहीत. तुमचा टार्ट घेतो तो पुण्या-मुंबईहून गाडी काढून समुद्रावर निघालेला माणूस, आणि तो तुमच्या स्टॉलवरूनच पुढे जातो. भाडं भरून त्याच्यापासून लांब कशाला जायचं?

पण दुपारी एकला माल संपतो ही अडचण खरी आहे, आणि पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ‘मे महिन्यात पहाटे तीनला उठून पिठाच्या घड्या घालते, साडेसातनंतर बटर पिठातून बाहेर यायला लागतं.’ तुमच्या धंद्याला लगाम कुठे लागतो, ते या वाक्यात आहे. डॅनिश आणि पफचे पापुद्रे सुटतात ते बटर पिठात थराथराने, घट्ट राहिलं तर. कोकणातल्या मे महिन्यात ते मऊ पडून पिठात मुरतं आणि पापुद्र्यांऐवजी पाव होतो. म्हणजे दिवसाचे घड्या घालायचे तासच तुमच्याकडे चार-साडेचार. मोठा डेक ओव्हन आणलात तरी त्यात ठेवायला माल तेवढाच असणार. साडेतीन लाखांचं यंत्र अर्धं रिकामं राहील. त्या ओव्हनला थ्री फेज वीजजोडणी लागते का, तेही तुमच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही.

म्हणून माझी मांडणी अशी. दोन डीप फ्रीझर, मिळून ६५,०००. घड्या घालायच्या खोलीला एसी, ४०,०००. चार ट्रेचा कन्व्हेक्शन ओव्हन, ८५,०००. चांगल्या स्थितीतला जुना मिळाला तर आणखी स्वस्त. लहान जनरेटर, ४०,०००. स्टॉलचं छप्पर, फळ्या, किरकोळ, २०,०००. एकूण अडीच लाख. हे माझे अंदाज आहेत. खेड, चिपळूण किंवा पुण्याच्या दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दर घ्या.

एका फ्रीझरमध्ये कच्चा माल आकार देऊन गोठवायचा. मंगळवार-बुधवारी सावकाश घड्या घाला, डॅनिश आणि पफ कच्चेच ठेवा. डॅनिश आदल्या रात्री बाहेर काढून फुगू द्या, पफ थेट भट्टीत. शनिवारी सकाळी आठला पहिली ट्रे, बाराला तिसरी, चारला पाचवी. समुद्रावरून परतणाऱ्या संध्याकाळच्या गाड्यांना आज तुमच्याकडे काहीच मिळत नाही, ती विक्री हाती लागेल. दुसऱ्या फ्रीझरमध्ये फळ. मे अखेरीस कॅनिंगचा, म्हणजे कारखान्यात रसासाठी जाणारा हापूस स्वस्त होतो तेव्हा रस काढून गोठवा, फणसाचे गरे साफ करून ठेवा. टार्टला तीस ग्रॅम गर लागतो असं धरलं तर शंभर किलोत ३,३०० टार्ट होतात. साठ रुपयांनी ते जवळपास दोन लाखांचे. डिसेंबरात आंब्याची डॅनिश दापोलीत आणखी कोण देणार आहे?

इथे एक सूचना. सगळंच बारमाही करू नका. ओल्या काजूचं पॅटिस आणि करवंदाचं पफ त्या त्या दिवसांतच ठेवा. लोक मार्चमध्ये ‘ओला काजू आला का’ विचारायला फोन करतात असं तुम्ही लिहिलंय. या वाट बघण्यावर तुमचा स्टॉल उभा आहे. तो भाव कुठल्याही जाहिरातीने मिळत नाही.

पैशांची सोय : ५०,००० तुमच्या साठलेल्या नफ्यातून आणि २,००,००० कर्ज. लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या मुद्रा योजनेत ५०,००० ते ५ लाख हा किशोर गट आहे, तारण लागत नाही. चार वर्षांसाठी ११ टक्क्यांनी हप्ता सुमारे ५,१७०. वाढीव वीज २,५०० धरली तर महिन्याचं नवं ओझं ७,६७०, आणि ते फेडायला वर्षाला सुमारे २,०४,००० ची जादा विक्री हवी. एप्रिल, मे आणि डिसेंबर या तीनच महिन्यांत विक्री दीडपट झाली तर १,७२,५०० येतात. राहिलेले बत्तीस हजार गणपतीत मिळवता येतील : चाकरमानी मुंबईला परतताना सोबत न्यायला नाचणीची नानखटाई, काजू-गुळाची बिस्किटं अशा टिकाऊ वस्तूंचे डबे ठेवा. पावसाळी हवेत पफ मऊ पडतं, नानखटाई हवाबंद डब्यात टिकते. कर्दे, लाडघर, आंजर्ल्यातल्या होमस्टेंना शनिवारच्या नाश्त्याचा माल आगाऊ ऑर्डरवर देता येईल, पण उधारीवर मुळीच नाही.

पावसाळ्यातले चार हप्ते, म्हणजे २०,७०० रुपये, मे संपतानाच वेगळ्या खात्यात टाका. जुलैच्या गल्ल्यावर हप्ता अवलंबून राहता कामा नये.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी ना कोणी सांगायला येईलच. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान ठेवलं होतं, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालायचे. ही योजना २०२० मध्ये ठरावीक मुदतीसाठी सुरू झाली, म्हणून तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा की नवे अर्ज घेताहेत का. घेत असतील तर अडीच लाखांवर जास्तीत जास्त ८७,५०० होतात, सोडू नका. फक्त हे पक्कं ध्यानात ठेवा की ते पैसे हातात मिळत नाहीत. कर्जखात्याला जोडून तीन वर्षं अडकवून ठेवतात, आणि तोवर हप्ते नियमित जावे लागतात. अनुदान जास्त मिळावं म्हणून प्रकल्प दहा लाखांचा दाखवा, असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, ती करा. अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर फ्रीझर घेण्याआधी ती करा. जीएसटीची चिंता नको : माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून बटरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, तुमच्या खर्चात तो थोडा हातभारच. उत्पन्नावर कर लागत नसला तरी विवरणपत्र मात्र भरत जा. पुढे मोठं कर्ज लागेल तेव्हा बँक तेच मागेल.

दोन गोष्टी मला खरोखर काळजीच्या वाटतात. पहिली, जागा दिरांची आहे आणि कागद काहीच नाही. आज संबंध गोडीचे आहेत, म्हणूनच आज कागद करणं सोपं आहे. थोडंसं भाडं ठरवून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या आणि दर वर्षी नवा करा. जाऊबाईंनाही त्या बोलण्यात बसवा.

दुसरी, वादळ. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं आणि दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा आंब्याचा फ्रीझर सर्वांत भरलेला असेल तो नेमका जूनच्या पहिल्या आठवड्यात. जनरेटर मी याचसाठी धरलाय. लहान उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाण विमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वादळ, पूर त्यात येतात. वीज गेल्याने फ्रीझरमधला माल खराब झाला तर भरपाई आहे का, हे वेगळं विचारा आणि लेखी घ्या. बहुतेक वेळा त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

मुलीची ठेव जशी आहे तशी राहू द्या. पुढच्या वर्षी बारावी, त्यानंतर लगेच प्रवेशाची फी. दोन वर्षांच्या आत लागणारा पैसा धंद्यात घालायचा नसतो, धंदा कितीही चांगला असला तरी.

कर्जाच्या अर्जाआधी एक काम करा. दिवाळीपासून ३१ डिसेंबरपर्यंत वहीत एक नवा रकाना ठेवा : माल संपल्यावर परत गेलेली माणसं. संध्याकाळी स्टॉल रिकामा असला तरी कोणाला तरी सहापर्यंत बसवा आणि किती गाड्या थांबल्या ते लिहायला सांगा. परत गेलेली माणसं रोजच्या गिऱ्हाइकांच्या निम्म्याहून कमी निघाली तर अडीच लाखही एकदम घालू नका. एक फ्रीझर आणि एसी एवढ्यावर पुढचा मे काढा.

गाळ्याच्या मालकांना सांगा की यंदा जमणार नाही. जून ते सप्टेंबरची सरासरी सलग दोन वर्षं महिन्याला ४५,००० च्या वर गेली, तर तो विषय आपण पुन्हा काढू. तेव्हाही अनामत देण्याआधी कराराचा मसुदा आणि जानेवारीपासूनच्या वहीची पानं मला पाठवा.