अमूर्त चित्रकार कोणत्या खणात ठेवावा?

आपण अलिबागचे, तेव्हा सुरुवात शेजारच्या नागावात जन्मलेल्या चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्यापासून करावी. वाराणसीच्या वास्तव्यानंतर त्यांच्या चित्रांवर समीक्षकांनी तांत्रिक कलेचा, म्हणजे तंत्रपंथाच्या प्रतीकांवर आधारलेल्या कलेचा, शिक्का मारला. पुढे एनॅमल (चकचकीत तैल) रंगांत घड्याळ, पान अशा साध्या वस्तू अवतरल्या आणि तो शिक्का तोकडा पडला. म्हणून शिक्क्यावरच विसंबण्याची चूक टाळावी; आधी चित्राचे साल पाहावे, मग समीक्षकाचा शब्द.

नवशिक्यांची दुसरी चूक म्हणजे गट आणि शैली एकच मानणे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले, परंतु हुसेन यांच्या आकृतिप्रधान चित्रांशेजारी त्यांना बसवता येत नाही. गायतोंडे स्वतः तर आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ऐवजी ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कोणतीही वस्तू न दाखवणारी) म्हणणे पसंत करीत.

निळा पट्टा दिसताच त्याला समुद्र म्हणण्याची आपली किनारी खोड मात्र सोडावी. माझी अजून पुरती सुटलेली नाही.