वाचक विचारतात : पाऊस कोंडणारा ऋषी आणि जपानचं नाटक

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा लाखांदूर तालुक्यात आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना जपानचं पारंपरिक नाटक आणि त्यातलं संगीत दाखवायचं ठरवलं. टीव्हीवर ‘नो’ नाटकाचा एक तुकडा लावला, तर दोन मिनिटांत पोट्टे हसायला लागले. वादक मध्येच ‘योऽऽ’ करून ओरडतात, नट तर जागचा हलतच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, घरचं दंडारीचं लोकनाट्य सोडून जपान कशाला? सर, सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, जि. भंडारा

उत्तर : मॅडम, हसू द्या त्यांना. मुलं हसली ती कान उघडे होते म्हणून. ज्या आवाजाला हसली, त्याच आवाजावर तास घ्या.

पहिल्या दिवशी टीव्ही लावूच नका. गावातल्या डफडेवाल्या दादांना मानानं बोलवा. शाळेमागच्या मोकळ्या जागेत, तुमच्या देखरेखीखाली, तणसाचा जाळ करून त्यांना डफडं शेकू द्या. शेकण्याआधी एक थाप आणि शेकल्यावर एक थाप मुलांना डोळे मिटून ऐकवा. पहिली थाप भद्द वाजेल, दुसरी खणकन उठेल. आता मुलांना सांगा की नो नाटकातला ‘ओत्सुझुमी’ नावाचा ढोलही असाच प्रयोगाआधी निखाऱ्यावर शेकतात. त्याचं कातडं इतकं ताणलेलं असतं की वादक बोटांना कडक कागदी टोप्या घालून वाजवतो. आणि त्याच्या शेजारीच ‘कोत्सुझुमी’वाला बसलेला असतो, त्याचं सगळं उलटं! त्याला कातडं ओलसर लागतं. तो त्यावर तोंडाची वाफ सोडतो, मागच्या पुडीला कागदाचे ओले कपटे चिकटवतो, तेव्हा कुठे त्याचा मऊ, घुमणारा ‘पोन्’ निघतो. हा ढोल उजव्या खांद्यावर धरतात आणि डाव्या हातानं दोऱ्या दाबून-सोडून स्वर खालीवर करतात. डहाक्याची डाक हे वाद्य ज्या मुलांनी पाहिलं आहे, ती त्याचा मधे बारीक असलेला आकार लगेच ओळखतील.

आता त्या ओरडण्याचं. नोमध्ये हातवारे करून ताल दाखवणारा कोणी नसतो. गाणारा, दोन-तीन ढोलवाले आणि बासरीवाला एकमेकांकडे न बघता बसतात. हिशोब आठ मात्रांचा, पण मात्रा सारख्या अंतरावर पडत नाहीत, कधी ताणल्या जातात, कधी आवळल्या. मग आपण कुठे आहोत हे कळायचं कसं? वादकाच्या हाकेवरून. ‘यो’, ‘हो’ या हाका किती लांबवल्या त्यावरून बाकीच्यांना पुढची थाप कधी पडणार ते समजतं. वर्गात करून बघा. आठ मुलं भिंतीकडे तोंड करून उभी करा. एकानं ‘योऽऽ’ म्हणायचं, हाक संपली की सगळ्यांनी एक टाळी. हाक दर वेळी कमीजास्त लांब. (हा नोमधला खरा ठेका नव्हे, सरावासाठी मी केलेली सोय आहे.) पाच-सात टाळ्या फुटतील, मग एक अशी काही एकत्र पडेल की वर्ग गप्प होईल. त्यानंतर टीव्ही लावा. आधी पडदा झाकून नुसता आवाज, मग चित्र.

नाटक कोणतं दाखवावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे : ‘इक्काकु सेन्निन’, म्हणजे एका शिंगाचा ऋषी. कोम्पारु झेन्पो (जन्म १४५४) यांच्या नावावर असलेलं हे नो नाटक वाराणसीच्या राज्यात घडतं. हरिणीच्या पोटी जन्मलेला एकशिंगी ऋषी पावसानं निसरड्या झालेल्या डोंगरवाटेवर घसरून पडतो आणि रागाच्या भरात पाऊस आणणाऱ्या नागदेवांना गुहेत कोंडतो. राज्यात दुष्काळ पडतो. राजा एका सुंदर स्त्रीला पाठवतो, ती ऋषीला मद्य पाजते, नाचते, तोही डुलत डुलत नाचतो आणि झोपी जातो. मंचावरची गुहा दुभंगते, नागदेव बाहेर येतात, पाऊस कोसळतो. हा आपला ऋष्यशृंग! रामायण-महाभारतातल्या अंगदेशाच्या दुष्काळाची ही गोष्ट बौद्ध ग्रंथांतून चीनमार्गे जपानात पोचली. आणि त्या नागदेवांची कामं तिथे बहुधा लहान मुलंच करतात. मृग कोरडं गेलं की घरातली माणसं आभाळाकडे कशी बघतात हे तुमच्या मुलांना माहीत आहे, पावसासाठी धोंडी मागायला ती स्वतः दारोदार फिरलेली असतील. त्यांना हे कथानक समजावून द्यावं लागणार नाही. नागदेव निघतात तेव्हा काठ्यांनी वाजणारा ‘ताइको’ हा ढोल ऐकायला सांगा. देव, भुतं असली मंडळी आली की तो हमखास लागतो.

हीच गोष्ट काबुकी या जपानच्या दुसऱ्या पारंपरिक नाट्यप्रकारात ‘नारुकामी’ नावानं येते, तिचं आजचं रूप १७४२ सालचं. पण तिथली भुलवण्याची दृश्यं थोरांसाठी आहेत, म्हणून मुलांना फक्त शेवट दाखवा. तिथे संतापलेला ऋषी डोळे तिरळे करून गोठतो आणि बाजूला बसलेला माणूस दोन लाकडी ठोकळे फळीवर आपटतो. बाकांवर डस्टरनं हे करायला पोरांना फार आवडतं.

जमलं तर काबुकीतला बर्फही ऐकवा. बर्फ पडताना आवाज होत नाही. तरी पडद्याआडचा वादक मोठ्या ढोलावर कापड गुंडाळलेल्या काठीनं अगदी हलके, सारखे ठोके देतो, आणि प्रेक्षकाला बर्फ पडताना ‘ऐकू’ येतो. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही. आधी ठोके ऐकवा आणि विचारा, काय पडतंय? उत्तरं लिहून ठेवा, मला वाचायची आहेत.

मुख्याध्यापक सरांचा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणून तर डफडेवाले दादा पहिल्या तासाला. जपानचा तास झाल्यावर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत हीच मुलं दंडारीतल्या ढोलकीवाल्याच्या जवळ जाऊन बसतील, असं मला वाटतं. सरांना तिथे सोबत न्या.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. नोची बासरी मोबाइलवर ऐकून पेटीवर सूर शोधला, सापडेना. बासरी बेसूर आहे की माझा कान?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : दादा, कान अगदी ठीक आहे. ‘नोकान’ या बासरीत तोंडाच्या छिद्राजवळ आत एक बारीक नळी मुद्दाम बसवलेली असते. त्यामुळे जोरात फुंकलं तरी वरचं सप्तक नेमकं लागत नाही. गाणारेही त्या बासरीचा सूर धरत नाहीत. ती वातावरण घडवते, ढोलांच्या मधून जाते, आणि तिची चिरणारी किंकाळी पलीकडच्या जगातल्यांना बोलावते अशी धारणा आहे. पेटी बाजूला ठेवून ऐका. ‘शामिसेन’ या तीन तारांच्या वाद्यात मात्र तुम्हाला ओळखीचं सापडेल. त्याची जाड तार मुद्दाम दांड्याला घासून झणझणवतात, आपल्या तंबोऱ्याच्या जवारीसारखी.

प्रश्न : मी खडी गंमत या लोकनाट्यात नाच्याचं काम करतो. गावात काही जण चिडवतात. जपानातही पुरुष स्त्रीचं काम करतात म्हणे, खरं का?
– एक कलावंत, जि. गोंदिया

उत्तर : खरं आहे. काबुकी १६०३ मध्ये क्योटोत ओकुनी या स्त्रीनं सुरू केलं. १६२९ मध्ये सरकारनं स्त्रियांना मंचावर बंदी केली आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची मोठी परंपरा तयार झाली. त्यांना ‘ओन्नागाता’ म्हणतात. त्यांतले बांदो तामासाबुरो यांना २०१२ मध्ये जपान सरकारनं ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. इकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही चिडवणाऱ्यांना ऐकवा. तुमचं काम अवघड आहे आणि मानाचं आहे.

तामासाबुरोंचं नृत्य मोबाइलवर बघाल तेव्हा चेहऱ्याआधी खांदे बघा. पाठीची पाती एकमेकांजवळ ओढून खांदे खाली घेतलेले असतात, गुडघे जवळ आणि किंचित वाकलेले, पाऊल आत वळलेलं. त्यामुळे धिप्पाड माणूसही लहानखुरा दिसतो. लुगडं नेसून पाच मिनिटं तसे चालून बघा. मांड्या भरून येतील, म्हणून रोज थोडं थोडंच करा.