खलपुरुष, खलनायक की प्रतिनायक?

प्रश्न असा आहे: ‘कुमारांसाठी अद्भुत कादंबरी लिहिते आहे. त्यातल्या मांत्रिकाला राज्यावर कायमची रात्र आणायची आहे. ज्यांनी वाचली ते म्हणतात, खलनायक पटत नाही. एकांनी सुचवलं, त्याला खलनायक नको, प्रतिनायक करा. नुसता शब्द बदलून काय होणार? खलपुरुष, खलनायक, प्रतिनायक हे सगळं एकच ना?’

एकच नाही. सुचवणाऱ्यानं नेमकं बोट ठेवलं आहे.

आधी ‘खल’. संस्कृतात खल म्हणजे दुष्ट, जुन्या मराठीत त्याचाच खळ झाला. (खलबतं करणाराही खलच असतो म्हणून अनेक जण दोन्ही शब्दांचं नातं जोडतात, पण खलबत अरबी-फारसीतून आलं. मूळ अर्थ एकांत.) 1290 च्या ज्ञानेश्वरीतलं पसायदान आपण तोंडपाठ म्हणतो, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानदेव खळ मरोत असं मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागतात. म्हणजे माणूस निराळा आणि त्याचा वाकडेपणा निराळा. तुमच्या मांत्रिकात ही फट दिसत नसावी. तो आहे तोच वाकडेपणा, आत माणूस नाही.

आता खलपुरुष. नाटकांवर लिहिणाऱ्यांचा हा आवडता शब्द. कथेत वाईट कामं करणारं पात्र, बस्स. त्याला थोर उद्देश लागत नाही, दुःखी बालपण तर मुळीच लागत नाही. (हल्ली प्रत्येक खलाला एक मेलेली आई चिकटवतात. पुरे झालं.) उत्तम नमुना म्हणजे ‘मृच्छकटिक’ या जुन्या संस्कृत नाटकातला शकार. ‘स’च्या जागी ‘श’ बोलतो म्हणून शकार. हा राजाचा मेव्हणा, सगळी ऐट तेवढ्या नात्यावर. नाटकाची नायिका, गणिका वसंतसेना, हिला धमकावताना म्हणतो, रावणाला कुंती वश झाली तशी तू मला झालीस! रामायण-महाभारताची अशी खिचडी करणाऱ्याला आपण हसतो, आणि तोच पुढे तिचा गळा आवळतो आणि खुनाचा आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर ढकलतो. त्याची एकही बाजू सहानुभूतीची नाही, तरी तो खरा वाटतो, कारण मेव्हणेपणावर चालणारी सत्ता प्रत्येक वाचकानं कुठे ना कुठे पाहिलेली असते.

खलनायकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. समास शब्दशः फोडला तर ‘खल असा नायक’ असं होतं, पण व्यवहारात नायकाला आडवा येणारा कुणीही खलनायक. सिनेमानं शब्द इतका रुळवला की त्याला धार उरलेली नाही.

धार आहे ती प्रतिनायकात, म्हणजे नायकाच्या तोडीच्या शत्रूत. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारी धनंजयानं ‘दशरूपक’ हा नाट्यशास्त्राचा ग्रंथ रचला. त्यात प्रतिनायकाची व्याख्या अर्ध्या श्लोकात उरकली आहे: ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’. गंमत अशी की यातले बहुतेक शब्द आपण रोज वापरतो, पण अर्थ घसरलेत.

लुब्ध म्हणजे आपल्याकडे भुललेला, मूळ अर्थ हावरा. दोन्ही ठेवा. रात्रीची नुसती हाव असलेला मांत्रिक कंटाळवाणा होतो, रात्रीवर भाळलेला मांत्रिक वाचनीय. स्तब्ध म्हणजे आपल्याकडे गप्प, निश्चल, तिथे मात्र ताठ, न वाकणारा. आपला ‘ताठा’ इथे चपखल बसतो. व्यसनी म्हटलं की आपल्याला बाटली दिसते, पण जुगार, शिकार, कसलीही न सुटणारी ओढ हे व्यसनच, आणि त्यातून ओढवणारं संकटही व्यसनच. अद्भुतकथेत याचं मोल फार. मंत्रानं सगळंच साधणार असेल, तर मांत्रिकाला काय साधत नाही, कुठे त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, यावरच वाचक त्याला ओळखणार.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द धीरोद्धत. नायकाचे चार प्रकार सांगितलेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. यातला चौथा, धीराचा पण उद्धत, तसाच्या तसा प्रतिनायकाला दिला आहे. म्हणजे त्याच्यात धीर हवाच, भेकड प्रतिनायक चालत नाही. शिवाय धीरोद्धताच्या लक्षणांत ‘माया’ येते आणि तिचा अर्थ दशरूपकावर टीका लिहिणारा धनिक सांगतो तो असा: मंत्राच्या बळावर नसलेली वस्तू दाखवणं. तुमच्या मांत्रिकाची जागा हजार वर्षांपूर्वीच आखलेली आहे.

उरला रिपू, म्हणजे शत्रू. त्याच्या तोलावर नायकाचा तोल ठरतो. खंडोबाला आपण मल्हारी म्हणतो, मल्लाचा अरी. दैत्याचं नाव देवाच्या नावात जाऊन बसलं.

प्रतिनायक माणूस कसा दिसतो ते संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंग’ या छोट्या नाटकात पाहा. भीमाच्या गदेनं दुर्योधनाच्या मांड्या मोडल्यात. लहानगा दुर्जय रणांगणावर बापाला शोधत येतो आणि सवयीनं मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो: दुसरीकडे कुठेही बस बाळा, तुझ्या ओळखीचं हे आसन आजपासून नाही. द्यूतसभेतलं पाप भासानं कुठेही धुऊन काढलेलं नाही. जी मांडी उघडी करून यानं द्रौपदीला हिणवलं होतं, तीच मांडी ही. पण या क्षणी वाचकाला दोन्ही मांड्या एकदम दिसतात.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर मलपृष्ठावर बिनधास्त ‘खलनायक’ छापा, सगळ्यांना कळतं. वहीतल्या टिपणात मात्र ‘प्रतिनायक’ लिहा आणि रात्र आल्यावर त्याला स्वतःला काय मिळणार, काय गमवावं लागणार, ते त्याच्या तोंडून एका पानात लिहून काढा. ते पान कादंबरीत नाही आलं तरी चालेल. आणि मांत्रिकाच्या मागेपुढे करणारा एखादा सरदार कथेत असेल, तर त्याला खुशाल खलपुरुष ठेवा.