चाळीतला शेजार आपोआप आला नव्हता

प्रश्न : ताई, आमची करी रोडची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. आम्ही जुने भाडेकरू मागच्या इमारतीत, विक्रीचे फ्लॅट पुढच्या इमारतीत, मध्ये भिंत. घर मोठं मिळालं, संडास घरात आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्याच मजल्यावर शेवटच्या दारामागे कोण राहतं, ते अजून माहीत नाही. आजी दिवसभर आतल्या खोलीत बसून असते. बाबा म्हणतात, चाळीतली माणुसकी गेली. दादा म्हणतो, संडासाच्या रांगेला माणुसकी म्हणू नका. दोघांचं रोज वाजतं. खरं कुणाचं? आणि आजीसाठी काही करता येईल का?
— एक वाचक, करी रोड

उत्तर : आधी दादाचं ऐकू या, कारण त्याचं म्हणणं घरात कुणी नीट ऐकून घेत नसणार. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, मोरी, बाळंतपण, आजारपण, दहावीचा अभ्यास. संडास सामाईक. पहाटे पाणी भरायला उठायची ती बाई, आणि रात्री सगळे आडवे झाल्यावर उरलेल्या जागेत अंग टाकायची तीही बाईच. गॅलरीत झोपणाऱ्या पुरुषांच्या गप्पांच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. त्या बायकांनाही एकदा विचारायला हवं.

शिवाय बाबांना आठवते ती माणुसकी सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. चाळकरी ज्या कापड गिरण्यांत राबायचे, तिथे साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात पगार बरा असायचा. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली बाबीन संपली की नवी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेतच नसत. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आणि १९७४ साली वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, तेव्हा शेजारी राहणारेच एकमेकांसमोर उभे होते. हे बाबांनाही ठाऊक असेल.

तरीही बाबा खोटं बोलत नाहीत. फक्त चाळीतल्या माणसांचा स्वभाव चांगला होता म्हणून शेजार होता असं ते समजतात, ते मला पटत नाही. तो शेजार लोकांनी गरजेपोटी, हिशेब मांडून उभा केला होता.

माझी आई काळाचौकीला खाणावळ चालवायची. तिची एक लांब वही होती. पानाच्या वर मेंबरचं नाव, खाली त्याचं गाव, बाजूला खातं : साचा, त्रासन म्हणजे सूतकताई, ब्लीचिंग. खातं कळलं की पाळी कळायची, आणि पाळी कळली की कुणाच्या भाकऱ्या आधी थापायच्या ते ठरायचं. पहिल्या पाळीचे भोंग्याआधी डबा न्यायचे, रातपाळीचे सकाळी येऊन जेवायचे नि झोपायचे. पैसे पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, रॉकेल, सुकट सगळं आई सावकाराकडून उचलायची, व्याजाने. अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खाणावळीत कुणी दोन दिवस दिसला नाही की आई त्याच्या गाळ्यावर माणूस पाठवायची. त्यात माया होती आणि उधारीची काळजीही होती, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

तो गाळा म्हणजे गावकीची खोली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या एकेका गावाने वर्गणी काढून खोली घ्यायची, गावचा पोरगा मुंबईत उतरला की पहिली वळकटी तिथे टाकायची. पाळ्या वेगळ्या असल्यामुळे एकाच जागेवर आळीपाळीने झोपता यायचं. व्यायामशाळा, भजनी मंडळ, शक्तीतुऱ्याचे सामने, सगळ्यांमागे अशीच वर्गणी आणि अशीच वही असायची. लालबागचा राजासुद्धा १९३४ साली बसला तो पेरू चाळीतला बाजार १९३२मध्ये बंद पडल्यावर. कोळी आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले होते, त्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला होता.

मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळ जण गावी गेले ते गेलेच. आईच्या वहीतली उधारी तशीच राहिली. काहींनी पुढे मनीऑर्डर केली, एकाने गावाहून तांदळाचं पोतं पाठवलं. भोंगे थांबले आणि पाळीवर बांधलेलं सगळं सुटत गेलं. म्हणून बाबांना सांग, शेजार टॉवरने मोडला नाही, तो त्याआधीच निम्मा मोडला होता. राग धरायचाच तर जमिनीच्या व्यवहारावर धरा. मुंबईच्या १९९१च्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या मैदानांना आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना द्यायचा होता. २००१मध्ये ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरण्यांत रिकामी जमीन असणार किती? तुमच्या आसपास आज मुलांना पार्किंगवरच्या पोडियमशिवाय खेळायला जागा नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि मला त्याचं आजही फार वाईट वाटतं.

आता आजी. ‘आजी, खाली जाऊन बसत जा’ असं सांगून ती जाणार नाही. तिला काम दे. एप्रिल-मेमध्ये मजल्यावरच्या चार घरांचा वर्षाचा मसाला एकत्र करायचा असं ठरव आणि तो आजीच्या हाती सोपव. लालबागच्या मसाला गल्लीत बेडगी किती, संकेश्वरी किती, हे ती सांगेल. धणे, मिरच्या निवडायला बायका तिच्याच घरी बसतील. कुटून आणायला तू आणि दादा जा. त्या शेवटच्या दाराची बेलही याच निमित्ताने वाजव.

दुसरं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांड : ऑफिस दुपारी दोन तास ज्येष्ठांसाठी उघडं राहील, लिफ्टजवळ पाठ टेकायची सोय असलेला बाक ठेवला जाईल. हे हक्काने मागा, उपकार म्हणून नको. रेफ्यूज मजल्यावर मात्र बैठक मांडू नका, आगीच्या वेळी तो मोकळाच लागतो. गणपतीची वर्गणी फोनवर घेण्याची पद्धत पडली असेल तर ती बंद करा. दोघादोघांनी दारोदारी जा, एक जुन्या चाळीतला, एक नवा. भिंतीपलीकडच्या इमारतीतही जा. फार तर नाही म्हणतील.

प्रश्न : आजोबा गिरणीत होते. नव्या घरात जागा नाही म्हणून त्यांची कागदांची पेटी भंगारात द्यायचं चाललंय. देऊ का?
— एक वाचक, शिवडी

उत्तर : मुळीच नको. तिकीट नंबर असलेला पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, विम्याचं कार्ड, रजेची नोंद, एवढं तरी आधी बाजूला काढा. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगाराच्या वारसाला गिरणी कामगारांच्या घरांसाठी हेच पुरावे लागतात. भाडेपावत्या आणि जुनं रेशनकार्डही ठेवा. चाळीच्या गणपती मंडळाचे छापील अहवाल निघाले तर त्यातली वर्गणीदारांची यादी बघा : खोली क्रमांकासह नावं असतात, चाळीत कोण कोण राहत होतं ते त्यातून कळतं. सगळ्याचे फोटो काढून घ्या. पेटी ठेवायला खरंच जागा नसेल तर अहवालांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून पाहा.