मुलगा तोंडी सगळे सांगतो, पण वाचताना अडखळतो. हा आळस असेल की डिस्लेक्सिया?
आपला चौथीतला मुलगा आळशी आहे असे कृपया समजू नका. डिस्लेक्सिया म्हणजे वाचन शिकण्यातली अडचण; तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड सहजपणे बसत नसल्याने वाचन संथ व दमवणारे होते. मराठीत घ-ध, भ-म यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे, जोडाक्षरे आणि व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारली जाणारी पहिली वेलांटी यांपाशी अशी मुले हमखास अडतात. माझी मुलगी ‘किती’ या शब्दाच्या पहिल्या वेलांटीपाशीच थांबत असे. ताटात रवा पसरून, बोटाने अक्षर गिरवत आणि त्याच वेळी मोठ्याने उच्चारत आम्ही रोज थोडा सराव सुरू केला, तेव्हा हळूहळू तिची भीती ओसरली.

आधी डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे, कारण केवळ लक्षणांवरून निदान होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश असून, प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मूल्यमापन होईपर्यंत धडे आपण वाचून दाखवावेत आणि वर्गात सर्वांसमोर त्याला अचानक वाचायला उभे करू नये, असे शिक्षकांना आवर्जून सांगावे.