कोल्ह्याची शिकार क्रूर म्हणून बंद झाली, मग शेतकऱ्याने कोल्हा मारलेला कसा चालतो?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमध्ये घोडे आणि कुत्री घेऊन होणारी कोल्ह्याची शिकार कायद्याने बंद केली, पण तोच कोल्हा शेतकरी रात्री गोळी घालून मारतो तेव्हा कोणी चकार शब्द काढत नाही. कोल्हा दोन्हीकडे मरतोच, मग हा दुटप्पीपणा नाही का?

मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. पण या मतावर यायला मला काही वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. लग्नानंतर इकडे इंग्लंडमध्ये आले आणि गेली अकरा वर्षं श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळच्या एका खेड्यात राहते. आमच्या परसाला लागूनच मेंढ्यांचं फार्म आहे. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या की तिथे माणसं कमी पडतात. एका वर्षी सहज हात लावायला गेले, तेव्हापासून दर हंगामात रात्रपाळी करते. फार्मचे मालक सत्तरीला आलेत. त्यांच्याकडून या विषयात मी जेवढं शिकले तेवढं वाचून शिकले नाही.

पहिल्याच वर्षी एका पहाटे वरच्या कुरणात एक कोकरू मेलेलं सापडलं. शेपूट तोडलेली, जीभ खाल्लेली. मी लगेच म्हणाले, "कोल्हा!" त्यांनी काही न बोलता कोकरू उचललं, पाय उलटा केला आणि खूर माझ्यासमोर धरला. नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या खुराला खालून मऊ, पिवळसर, रबरासारखं आवरण असतं. कोकरू उभं राहून चार पावलं चाललं की ते झिजायला लागतं. या कोकराचं जसंच्या तसं होतं. मग त्यांनी खिशातल्या चाकूने छाती उघडली, फुफ्फुसाचा तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. तो बुडाला. एकदा जरी नीट श्वास घेतला असता तरी फुफ्फुस तरंगलं असतं. म्हणजे कोकरू मेलेलंच जन्माला आलं होतं. कोल्ह्याने फक्त आयतं मिळालेलं खाल्लं होतं.

त्या दिवशी मला कळलं की मारायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की खरंच त्याने केलंय का.

2000 साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने सरकारला या सगळ्या विषयावर अहवाल दिला. एरवी जगली असती अशा कोकरांपैकी कोल्ह्याने मारलेली 2 टक्क्यांहूनही कमी, असं त्यात आहे. बाकीची थंडीने, उपाशी राहून, अडल्यामुळे, रोगाने जातात. पण हा आकडा देशाचा झाला. एखादा कोल्हा एखाद्या कुरणात जिवंत कोकरं उचलायला सोकावला की तो रोज रात्री येतो, आणि ज्याच्या मेंढ्या आहेत त्याला त्या 2 टक्क्यांचं समाधान नसतं. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला तर एक खाण्यासाठी सगळ्या मारून ठेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे "शेतकरी उगाच कांगावा करतात" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही.

आता घोड्यांवरची शिकार. तिच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की ती शेतकऱ्यांसाठीच होती, कोल्ह्यांची संख्या आटोक्यात ठेवायला. हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण त्या शिकारीच्या इतिहासातच आहे. 19व्या शतकात काही भागांत कोल्हे कमी पडायला लागले, तेव्हा युरोपातून कोल्हे आणून लंडनच्या लीडनहॉल बाजारात विकले जात आणि शिकारीच्या मुलखात सोडले जात. कोल्ह्यांना राहायला सोयीचं व्हावं म्हणून झुडपी राखली, जमिनीखाली मुद्दाम बिळं बांधली. एखाद्या शेतकऱ्याने कोल्ह्याला गोळी घातली तर तो गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नसे. त्या कृत्याला इंग्रजीत "व्हल्पिसाइड" असा खास शब्दच होता, खुनाच्या चालीवर केलेला. कोंबड्या गेल्या तर शिकार मंडळ भरपाई देई, पण कोल्ह्याला हात लावायचा नाही. ज्याला उपद्रवी म्हणायचं त्याचीच अशी बडदास्त कोण ठेवतं? हौसेपायी इंग्रजांनी हाच कोल्हा ऑस्ट्रेलियात नेऊन सोडला, आणि आज तिथल्या लहान वन्यप्राण्यांच्या जिवावर तो उठलाय.

आपल्याकडेही याची खूण आहे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, ज्याची कोल्हेकुई आपण लहानपणापासून ऐकतो, तो वेगळा प्राणी. इथला लाल कोल्हा हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा थोराड भाऊबंद. साहेब दक्षिण हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला पाठलागाला हा प्राणी मिळेना. म्हणून उटीच्या डोंगरांत शिकारी कुत्र्यांची टोळी पाळून त्यांनी आपल्या कोल्ह्यामागे घोडे घातले. तिथे त्या साहेबांची कुठली कोकरं धोक्यात होती? पाठलाग हवा होता, म्हणून प्राणी शोधला.

म्हणून माझ्या लेखी खरा फरक बंदूक आणि कुत्रा यांत नाही. उद्या कोल्हा कुरणाकडे फिरकलाच नाही तर माझे शेजारी, म्हणजे ते फार्मचे मालक, सुटकेचा श्वास टाकतील, कपाटातली रायफल वर्षभर काढणार नाहीत. तेच शिकारीच्या दिवशी कोल्हा निघालाच नाही तर घोड्यांवरची मंडळी हिरमुसून घरी जातील. एकाला प्राणी नको आहे म्हणून तो मारतो, दुसऱ्याला मारायला प्राणी हवा असतो. मरणाऱ्या कोल्ह्याला या फरकाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्याच्या वाट्याला येणारा त्रास यावरूनच ठरतो, कारण पाठलागातच मजा असेल तर पाठलाग लवकर संपावा असं कोणाला वाटेल? पाठलागात कोल्हा बिळात शिरला तर त्याला टेरियर (बिळात शिरणारी लहान कुत्री) सोडून, खणून बाहेर काढत. आणि शरद ऋतूत, मुख्य हंगामाच्या आधी, तरण्या कुत्र्यांना शिकवण्यासाठी त्या वर्षीची कोल्ह्याची पिल्लं धरायची पद्धत होती. हे मला कळलं तेव्हा माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

शिकारवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. कुत्र्यांच्या तावडीत कोल्हा सापडला तर बहुतेक वेळा काही सेकंदांत संपतो, नाहीतर पूर्ण निसटतो. जखमी होऊन मागे राहत नाही. छऱ्याची बंदूक लांबून चालवली तर कोल्हा पोटात छरे घेऊन झुडपात जातो आणि कित्येक दिवस कुजत मरतो. बर्न्स समितीनेही स्पष्ट म्हटलं होतं की कोल्ह्याला मारायची कुठलीच कायदेशीर पद्धत निर्दोष नाही. त्यातल्या त्यात रात्री दिवा टाकून सराईत माणसाने रायफलने मारणं बरं, आणि कुत्र्यांच्या पाठलागाने कोल्ह्याचे गंभीर हाल होतात, हे दोन्ही त्याच अहवालात आहे.

संख्येचा प्रश्नही योगायोगाने तपासला गेला. 2001 साली लाळ्या-खुरकताची साथ आली आणि फेब्रुवारी ते डिसेंबर शिकार पूर्ण बंद ठेवावी लागली. संशोधकांनी साथीच्या आधी आणि नंतर, एक-एक चौरस किलोमीटरच्या 160 तुकड्यांत कोल्ह्याची विष्ठा मोजली. कोल्हे वाढल्याचं दिसलं नाही. 2002 साली हे "नेचर" या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. त्यावर आक्षेप घेतले गेले, पण मला त्यात नवल वाटत नाही. नोंदलेल्या सगळ्या शिकार मंडळांनी मिळून मारलेले कोल्हे बर्न्सच्या हिशेबाने वर्षाला 21,000 ते 25,000, म्हणजे देशभरात मरणाऱ्या कोल्ह्यांचा लहानसा हिस्सा. मोटारीखाली आणि बंदुकीने त्याहून कितीतरी जास्त जातात. शिवाय एक कोल्हा गेला की त्याची हद्द रिकामी राहत नाही, शेजारचा तरणा येऊन बसतो.

कायदा 2004 साली झाला, संसदेच्या वरच्या सभागृहाचा, लॉर्ड्सचा, विरोध डावलून, आणि 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. त्यानंतर वासाची माग टाकून कुत्र्यांना तिच्यावर धावायला लावायचं, अशी पळवाट निघाली. माग खरी की नावाची, यावर इथे अजून भांडणं चालू आहेत. ही पद्धतही बंद करू असं लेबर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात लिहिलं. ती बंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

पण शेतकऱ्याने मारलं की ते आपोआप स्वच्छ झालं, असं कृपा करून समजू नका. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी रात्र फार्मवरचीच आहे. तिसऱ्या वर्षी एक कोल्हा खरोखर जिवंत कोकरं नेत होता. दोन कोकरांचे खूर झिजलेले होते, पोटात दूध होतं, मानेवर दातांचे व्रण. शेजारी दोन रात्री दबा धरून बसले, तिसऱ्या रात्री एका गोळीत काम झालं. सकाळी आम्ही बघायला गेलो. मादी होती. त्यांनी बुटाने नाही, हाताने तिला उताणं केलं. पोटावरचे केस विरळ झालेले, सड ओढले गेलेले, अजून ओलसर. ती दुधावर होती. एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे पिल्लं डोळे उघडण्याच्या बेतातली असणार. ते बराच वेळ तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मग आम्ही दोघं बांधाबांधाने, ओढ्याच्या काठाने बीळ शोधत फिरलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही. सापडलं असतं तर पिल्लांचं काय करायचं होतं हे मी विचारलं नाही, मला माहीत होतं. उपाशी मरण्यापेक्षा ते बरं होतं. बीळ सापडलं नाही.

इथे कोल्ह्याला मारायला बंदीचा काळ नाही. त्यामुळे त्या गोळीत बेकायदा काहीच नव्हतं. तरी त्यांनी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यामुळेच. त्यानंतर त्यांनी फासे काढून टाकले. (वेल्समध्ये फासे 2023 पासून बंदच झालेत, आमच्याकडे अजून नाहीत.) पहिले तीन दिवस व्यायलेली मेंढी आणि कोकरं गोठ्यातच ठेवायची, वार लगेच उचलून टाकायची, रात्री कुरणाभोवती विजेच्या जाळीचं कुंपण लावायचं, हे सुरू केलं. कष्ट दुप्पट झाले. जाळीला पैसे लागले.

हे लिहिताना मला सारखा आमचा गाव आठवतोय. बाबा हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जायचे, मचाणावर रात्रभर बसून डबा वाजवायचे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर पीक उकरून टाकायचा, रोही (नीलगायी) उभं पीक तुडवून जायचे. तो राग मला परका नाही. म्हणून पुण्या-मुंबईत बसून कोणी "प्राण्यांचाच हक्क आहे जमिनीवर" म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात पीक नासवणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी वनाधिकाऱ्याकडून मिळू शकते. पण ती मिळेपर्यंत पीक राहत नाही, आणि माणूस कुंपणात थेट लाइनीचा करंट सोडतो. माझ्या हिशेबात ते सगळ्यात वाईट मारणं. गोळी मारणारा निदान समोर कोण आहे ते बघतो. तारेला रानडुक्कर, वाघीण, शेजारचा पोरगा, सगळे सारखेच. आमच्या गावातला एक बैल आणि त्याला सोडवायला गेलेला माणूस असे एकाच तारेवर गेले. मी तेव्हा नववीत होते. हल्ली झटका मशीन आलंय, हिसका बसतो पण जीव जात नाही. बाबांनी शेवटच्या काही वर्षांत ते लावलं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की कोल्हा मारणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही क्रूर म्हणाल का. सरसकट नाही म्हणणार. त्याने खूर बघितला का, कुंपण करून पाहिलं का, एप्रिलमध्ये मादीवर गोळी झाडली का, आणि झाडली असेल तर बीळ शोधायला गेला का, एवढं मी विचारेन.

यंदाच्या मार्चमध्ये एक कोल्हा आमच्या कुरणापाशी येत होता. माझ्या पाळीत मी त्याला चार वेळा पाहिला. जाळीबाहेरून कडेकडेने चालायचा, थांबायचा, कान टवकारून कोकरांकडे बघायचा. शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते खिडकीशी आले, दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले की आणखी दोन दिवस जाळी हलवू नकोस.